पारा, सुई आणि ताईचा प्रश्न

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, ज्यांचं लोकलमध्ये नेट जातं किंवा ज्यांना वाचायलाच जास्त आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. माझं 'अं' आणि 'म्हणजे' बऱ्यापैकी काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

खरं सांगायचं तर हा विषय आपल्या यादीत नव्हता. तो ताईच्या फोनमुळे आला.

माझ्या ताईला दोन मुलं. थोरला साडेपाच वर्षांचा आहे. तो तीन वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचं निदान झालं. धाकटी आता अडीच महिन्यांची. तिचा दुसरा डोस दोन दिवसांवर आला होता आणि नेमका तेव्हाच फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड पडला. लसीत पारा असतो, त्यानेच मुलं ऑटिस्टिक होतात, अमेरिकेने तो कधीच बंद केला, आपल्याकडे मात्र अजून टोचतात, असा त्याचा मजकूर. खाली लाल दिवे, हात जोडलेले इमोजी, सगळं साग्रसंगीत.

रात्री साडेदहाला ताईचा फोन. "अरे, तू इतिहासाचं एवढं वाचतोस ना, मग मला एकच सांग. लसीत पारा असतो का?"

मी म्हटलं, "हो ताई, काही लसींत पाऱ्याचं एक संयुग असतं."

पलीकडे शांतता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "थोरल्याला मीच घेऊन गेले होते रे. प्रत्येक डोसला."

तेव्हा कळलं, हिला रसायनशास्त्र नकोय. ती स्वतःवरच्या आरोपाचं उत्तर मागतेय. ते एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा अख्खा भाग. सुरुवात करूया अगदी पहिल्या प्रश्नापासून. लसीच्या बाटलीत पारा घातलाच कोणी, आणि कशासाठी?

आधी बाटलीत काहीच नव्हतं

ही गोष्ट आपल्या परळपासून सुरू करता येते. १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा होती. तिथे तयार झालेली लस देशभर जायची. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ लोकांना ती टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले.

चौकशी बसली. परळच्या प्रयोगशाळेने जंतू मारण्याची पद्धत बदलली होती. कार्बोलिक ॲसिडऐवजी उष्णता वापरायला सुरुवात केली होती. ठपका हाफकिनवर आला आणि त्यांचं पद गेलं. पुढे रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले. दूषित झाली ती बाटली परळला नव्हे, तर गावात उघडताना, असं दिसून आलं आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये त्याच संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. एका बाटलीत अनेकांची लस असते. बाटली एकदा उघडली की आत जंतू शिरू शकतो, आणि आत त्याला रोखणारं काही नसेल तर तो वाढतो.

आता २६ वर्षं पुढे या. जानेवारी १९२८, ऑस्ट्रेलियातलं बंडाबर्ग शहर. तिथे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. घटसर्पाची लस २१ मुलांना दिली. बाटली काही दिवस आधीच उघडलेली होती आणि जंतू रोखणारं औषध तिच्यात नव्हतं. दोन दिवसांत १२ मुलं गेली. चार्ल्स केलावे यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन बसलं. त्यांना बाटलीत स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू सापडला. मग त्यांनी शिफारस केली की ज्या बाटलीतून पुन्हा पुन्हा लस काढायची, तिच्यात जंतुनाशक असलंच पाहिजे.

त्याच सुमारास मॉरिस खराश या रसायनशास्त्रज्ञाचं एक संयुग तयार होतं. नाव थायमेरोसाल. काही ठिकाणी त्याला थायोमर्सल म्हणतात. वजनाने जवळपास निम्मा पारा. एलाय लिली कंपनीने ते बाजारात आणलं आणि १९३० च्या दशकापासून ते लसींच्या बाटल्यांत आलं. तेव्हा पाऱ्याचं औषध म्हणजे काही विचित्र गोष्ट नव्हती. आपल्या आईबाबांच्या लहानपणी गुडघा फुटला की लावायचे ते लाल औषध आठवतंय? मर्क्युरोक्रोम. तेही पाऱ्याचंच.

म्हणजे पारा बाटलीत आला तो मुलं मेली म्हणून. फॉरवर्डमध्ये हे कधीच लिहिलेलं नसतं.

एका बेरजेने झालेला गोंधळ

पुढची साठेक वर्षं याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. अन्न आणि औषधांत कुठे कुठे पारा आहे त्याची मोजदाद करा, असं त्यात औषध प्रशासनाला सांगितलेलं होतं. मोजदाद करताना त्यांनी लहान मुलांच्या लसींची बेरीज मांडली. पूर्वी लसी कमी होत्या, ९० च्या दशकात त्या वाढल्या होत्या. पहिल्या सहा महिन्यांत एका बाळाला जास्तीत जास्त १८७.५ मायक्रोग्रॅम पारा मिळू शकतो, असा आकडा आला. अमेरिकेच्याच पर्यावरण खात्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा तो जास्त होता.

इथे थोडं थांबा, कारण सगळी मेख इथेच आहे. ती मर्यादा होती मिथाइल पाऱ्याची. हा मासे खाण्यातून येणारा पारा. जपानच्या मिनामाटात कारखान्याच्या सांडपाण्यातून तो समुद्रात गेला आणि हजारो लोक कायमचे अपंग झाले. थायमेरोसालमधून शरीरात तयार होतो तो इथाइल पारा. नावात एका अक्षराचा फरक, मग काय मोठंसं?

२०१५ चं मालवणीचं दारूकांड आठवा. मुंबईत शंभरहून जास्त माणसं गेली, कारण दारूत मिथाइल अल्कोहोल होतं. साध्या दारूत असतं इथाइल अल्कोहोल. दारू चांगली असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण दोन्हींतला फरक किती आहे ते मालवणीला विचारा. पाऱ्याचंही तसंच काहीसं. २००२ मध्ये लान्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की इथाइल पारा बाळाच्या रक्तातून साधारण आठवड्याभरात निम्मा होतो. मिथाइल पाऱ्याला त्यासाठी दीड महिन्याच्या आसपास लागतो.

पण हे २००२ चं. १९९९ मध्ये अधिकाऱ्यांपुढे होती फक्त ती बेरीज. इथाइलसाठी वेगळी मर्यादा कोणी ठरवलेलीच नव्हती. मग ७ जुलै १९९९ ला बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि सरकारी आरोग्य सेवा यांनी मिळून पत्रक काढलं. त्याचा मथितार्थ असा की नुकसान झाल्याचा पुरावा नाही, तरी खबरदारी म्हणून थायमेरोसाल लवकरात लवकर काढून टाकावं.

आता तुम्ही आईबाप आहात असं समजा. धोका नाही म्हणता, मग एवढ्या घाईने काढता कशाला? हा प्रश्न पडणारच, आणि तो पडणं काही मूर्खपणाचं नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली मोठी चूक इथे झाली. ती पाऱ्याची नव्हती, बोलण्याची होती. खबरदारी घेतली, पण ती ऐकू गेली कबुलीसारखी.

त्या घाईची किंमतही लगेच दिसली. जन्मताच द्यायचा हिपॅटायटिस बी चा डोस अनेक रुग्णालयांनी थांबवला. मिशिगन राज्यात एका बाळाच्या आईला त्या विषाणूचा संसर्ग होता. बाळाला तो डोस मिळाला नाही. तीन महिन्यांचं असताना ते त्याच आजाराने गेलं.

लंडनची वेगळी गोष्ट

याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी १९९८ मध्ये, लंडनमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने लान्सेटमध्ये १२ मुलांवरचा लेख छापला होता. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस, म्हणजे एमएमआर, आणि ऑटिझम यांचा काही संबंध असावा, असं त्यात सुचवलं होतं. पत्रकार परिषदेत त्याने ही एकत्र लसच थांबवायला सांगितली.

गंमत बघा, एमएमआरमध्ये थायमेरोसाल कधीच नव्हतं. ती जिवंत विषाणूंची लस आहे, जंतुनाशक घातलं तर लसच मरेल. म्हणजे लंडनची शंका एका लसीबद्दल, अमेरिकेची शंका दुसऱ्याच लसींमधल्या रसायनाबद्दल. दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण लोकांच्या डोक्यात दोन्ही मिसळल्या आणि उरलं एवढंच, 'लसीत काहीतरी आहे'.

वेकफिल्डचं पुढे काय झालं ते अनेकांना माहीत असेल. २००४ मध्ये ब्रायन डीअर या पत्रकाराने उघड केलं की लस कंपन्यांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलामार्फत त्याला पैसे मिळत होते. २०१० मध्ये लान्सेटने लेख मागे घेतला आणि डॉक्टरांच्या नोंदणीतून त्याचं नाव काढलं गेलं. पुढच्या वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्या लेखाला सरळ फसवणूक म्हटलं. पण मधल्या काळात इंग्लंडमध्ये ही लस घेणाऱ्या मुलांचं प्रमाण ९० टक्क्यांवरून ८० पर्यंत उतरलं होतं. २०१२-१३ मध्ये वेल्सच्या स्वान्झी भागात गोवराची साथ आली, १२०० हून जास्त रुग्ण झाले. त्यांत बरीच मुलं अशी होती, ज्यांची लस त्या गोंधळाच्या वर्षांत राहून गेली होती.

पालकांनी विश्वास का ठेवला?

इथे बरेच जण पालकांना हसतात. मला हसू येत नाही, कारण मी ताईचा तो आवाज ऐकलाय.

ऑटिझमचा इतिहास बघा. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांबद्दल पहिलं प्रसिद्ध वर्णन लिहिलं. पुढच्या वीसेक वर्षांत डॉक्टरांमध्ये एक समज घट्ट बसला, तो म्हणजे आई मायेने वागत नाही म्हणून मूल असं होतं. अशा आयांना फ्रिजची उपमा दिली जायची. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तर हे घराघरात पोहोचवलं. कल्पना करा, मुलासाठी रात्रंदिवस झिजणाऱ्या बाईला डॉक्टर सांगतोय की बाई, दोष तुमच्यात आहे.

या आरोपाला मोडून काढणारा माणूस म्हणजे बर्नार्ड रिमलंड. मानसशास्त्रज्ञ, आणि स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप. १९६४ मध्ये त्याने पुस्तक लिहून दाखवून दिलं की कारण शरीरात आहे, आईच्या स्वभावात नाही. पालकांची संघटनाही उभी केली. हजारो आयांच्या डोक्यावरचं ओझं या माणसाने उतरवलं. आणि हाच रिमलंड पुढे लस आणि पाऱ्याला दोष देऊ लागला!

मला यात विसंगती दिसत नाही. ज्यांना डॉक्टरांनी एकदा इतकं चुकीचं सांगितलं, ते दुसऱ्यांदा डॉक्टरांवर विश्वास का ठेवतील? आणि 'दोष तुझा नाही, त्या सुईचा आहे' हे ऐकायला किती बरं वाटत असेल! त्यात मुलांमध्ये वेगळेपण दिसायला लागतं ते साधारण लसींच्याच वयात. डोळ्यांसमोर एकामागोमाग एक दोन गोष्टी घडल्या की मन त्यांची गाठ मारतंच.

मग तपासलं

शंका रास्त होती, म्हणून ती तपासली गेली. आणि इथे इतिहासाने आपल्याला जवळजवळ तयार प्रयोगच दिला. पारा काढला तर ऑटिझम कमी व्हायला हवा, बरोबर?

डेन्मार्कने १९९२ मध्येच थायमेरोसाल काढलं होतं. तिथे निदानं वाढतच गेली. तिथल्या साडेचार लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना थायमेरोसालची लस मिळाली आणि ज्यांना त्याशिवायची मिळाली, त्यांच्यात ऑटिझमच्या बाबतीत फरक दिसला नाही. अमेरिकेत २००१ पर्यंत लहान मुलांच्या नेहमीच्या लसींतून ते गेलं, फक्त फ्लूच्या काही लसींत राहिलं. कॅलिफोर्नियातले आकडे त्यानंतरही चढतेच.

पाच हजारांहून जास्त अमेरिकन कुटुंबांनी लस नुकसानभरपाईच्या न्यायालयात दावे केले. सहा खटले नमुन्यादाखल निवडले. मुलांना सोसावं लागतंय हे न्यायालयाने मान्य केलं, पण लसीमुळे हे झालं याला पुरावा नाही, असे निकाल २००९ आणि २०१० मध्ये आले.

मग निदानं का वाढली? बरंचसं कारण व्याख्येत आहे. १९८०, १९८७ आणि १९९४ मध्ये डॉक्टरांच्या निदानाच्या पुस्तकात ऑटिझमची व्याख्या बदलत, रुंदावत गेली. १९९० मध्ये अमेरिकन शाळांच्या कायद्यात त्याचा वेगळा प्रवर्ग झाला. पूर्वी 'मतिमंद' किंवा नुसतं 'विचित्र' म्हणून सोडून दिलेल्या मुलांना नाव मिळालं.

पण वाद संपला का? नाही. पारा गेला, मग बोट ॲल्युमिनियमकडे गेलं. २०२५ मध्ये डेन्मार्कमधूनच १२ लाख मुलांचा अभ्यास आला, त्यातही संबंध दिसला नाही. पण त्याच वर्षी अमेरिकेचे आरोग्यमंत्री झाले रॉबर्ट केनेडी ज्युनियर. २००५ मध्ये पाऱ्यावर गाजलेला लेख लिहिणारे हेच. तो लेख सलोन या नियतकालिकाने २०११ मध्ये मागे घेतला होता. त्यांनी लस सल्लागार समिती बरखास्त करून नवी नेमली आणि तिने फ्लूच्या लसीतलं उरलंसुरलं थायमेरोसालही नको म्हणून सांगितलं.

आणि या सगळ्यात मुलांचं काय? शरीरातून पारा 'काढून टाकणारे' उपचार निघाले. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा अशाच उपचारात दगावला. ऑटिझमने कोणी मरत नाही हो. तो मेला, कारण तो जसा होता तसा पुरेसा नाही असं कोणीतरी त्याच्या घरच्यांना पटवलं होतं.

'आपल्याकडे अजून टोचतात'

फॉरवर्डमधला हा मुद्दा खरा आहे, म्हणून टाळत नाही. आपल्या सरकारी लसीकरणातली पेंटा लस दहा डोसच्या बाटलीत येते आणि तिच्यात थायमेरोसाल असतं. कारण तेच, बंडाबर्गचं. अमेरिका एका बाळाला एक बाटली देऊ शकते. आपल्याकडे आशाताई शीतपेटी खांद्याला लावून पाड्यावर जाते. एकेका डोसच्या बाटल्या म्हणजे कितीतरी पट जागा, तेवढे फ्रिज, तेवढा खर्च. २०१३ मध्ये पाऱ्याविरुद्धचा जागतिक करार झाला. नावही मिनामाटा करार. त्यातसुद्धा विचार करून लसींना सूट ठेवली गेली.

जंतुनाशक नसलेली बाटली नीट सांभाळली नाही तर काय होतं? २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये गोवराच्या मोहिमेत लस थंड ठेवली नाही, औषध कालवायला एकच सिरिंज चार दिवस वापरली. १५ मुलं गेली. आपल्याकडे गोवर-रुबेलाची बाटली उघडल्यावर चार तासांत फेकतात आणि पेंटाची योग्य तापमानात चार आठवडे चालते, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. उद्या नर्सने अर्धी बाटली फेकली तर 'वाया घालवते' असं म्हणू नका.

ताईला काय सांगितलं

हे सगळं मी तिला एका रात्रीत सांगितलं नाही. तिने शेवटी विचारलंच, "मग थोरल्याचं कशाने झालं?"

मी तिला १९७७ च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. ब्रिटनमध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांच्या २१ जोड्या पाहिल्या. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांत एकाला ऑटिझम असला तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण बरंच होतं, साध्या जुळ्यांत एकाही जोडीत नव्हतं. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि मेंदूतल्या त्या वेगळेपणाची सुरुवात जन्माच्या आधीच होते. तू नेलेल्या कुठल्याही डोसच्या आधी.

धाकटीबद्दलही खोटा धीर दिला नाही. थोरल्या भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्याला असण्याची शक्यता बरीच जास्त असते, हे खरंय. पण २०१५ मध्ये अमेरिकेत ९५ हजारांहून जास्त धाकट्या भावंडांचा अभ्यास झाला, तो एमएमआरवर होता. ज्यांच्या थोरल्याला ऑटिझम आहे, त्या मुलांमध्येसुद्धा लसीने शक्यता वाढलेली दिसली नाही. तुझ्या मनातलं काही असेल तर डॉक्टरांना समोर बसून विचार, लाजू नकोस, असंही म्हटलं.

डोसच्या दिवशी तिचा मेसेज आला. धाकटीचा फोटो, मांडीवर पट्टी, चेहरा रडून लाल. पाठोपाठ थोरल्याचा व्हॉइस मेसेज. तो फार बोलत नाही. बहिणीच्या रडण्याचा आवाज त्याला सहन होत नाही, म्हणून कानांवर हात ठेवून तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. "फुंकर. फुंकर. फुंकर." बाऊ झाला की ताई त्याला फुंकर घालते ना.

फॅमिली ग्रुपवर मी त्या फॉरवर्डला उत्तर दिलं नाही. या भागाची लिंक टाकली. काकांनी अजून ऐकलेला नाही, पण अंगठा दिलाय.

तुमच्या घरी कोणी असंच रात्री साडेदहाला विचारलं, तर हसू नका. आधी नीट ऐकून घ्या, मग बाटलीची ही गोष्ट सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, ऐकत राहा!